टेबलापलीकडची खुर्ची

(समाजकार्य शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनी आणि वस्त्यांमधून काम करणाऱ्या स्त्री-गटांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या बोलण्याचा विषय 'मनुष्यबळ विभागातल्या नोकरीच्या संधी' असा छापलाय. तो वाचून मागच्या बाजूला बसलेल्या आपल्या कार्यकर्त्या मैत्रिणी एकमेकींकडे बघून हसल्या, ते मी पाहिलं. हे कंपनीवाल्यांचं काम इथं कशाला, असं त्यांना वाटलं असणार. आणि पुढे बसलेल्या एमएसडब्ल्यूच्या मुलींनी वह्या उघडल्या, पेनांची टोपणं काढली. चला, आज काहीतरी उपयोगाचं ऐकायला मिळणार, असं त्यांना वाटलं. मला हसणाऱ्यांशीही बोलायचंय आणि लिहून घेणाऱ्यांशीही. कारण मी दोन्हीकडे बसून आलेय.

एमएसडब्ल्यू झाल्यावर मी तीन वर्षं एका कारखान्याच्या एचआर विभागात नोकरी केली. त्यानंतरची दहा वर्षं मी संस्थेत काम करतेय, आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कंपन्यांमध्ये ज्या अंतर्गत समित्या असतात, त्यांतल्या काहींवर बाहेरची सदस्य म्हणून जाते. म्हणजे आधी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत होते, आता अलीकडच्या. कोणत्या खुर्चीतून काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढंच आज सांगणार आहे.

सुरुवात माझ्या आजीपासून करते. आजी मुंबईत गिरणीत होती, वाइंडिंग खात्यात. ती सांगायची, की साहेब म्हणजे कोण हे तिला कधी कळलंच नाही. तिच्या लेखी गिरणी म्हणजे नाईकीण. पुरुषांच्या खात्यात जसा जॉबर किंवा मुकादम, तशी बायकांच्या खात्यात नाईकीण. कामावर घेणार ती, काढणार ती, बदलीच्या दिवशी दारातून आत कुणाला सोडायचं ते ठरवणार ती. मग सणाला तिच्या घरी काहीतरी पोचवायचं, पगाराच्या दिवशी तिच्या हातावर काहीतरी ठेवायचं. नाही ठेवलं तर दुसऱ्या दिवशी काम नाही. आता मला सांगा, भरती, हजेरी, शिस्त, कामावरून कमी करणं, ही सगळी कामं आज कोण करतं? एचआर. तेव्हा हे खातं काही अमेरिकेतून आलेलं नवं खातं नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांना ते नाईकिणीच्या रूपात चांगलं ओळखीचं होतं.

या मुकादमी भरतीतली लाचखोरी इतकी माजली होती, की १९३१ साली आलेल्या रॉयल कमिशनच्या अहवालाने ती नोंदवली आणि भरतीचं काम मुकादमाकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावं असं सुचवलं. १९३४ साली मुंबई सरकारने कायद्याने एक लेबर ऑफिसर नेमला, गिरणीमालकांच्या संघटनेनेही आपला वेगळा नेमला. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा सुरू झाली, सर दोराबजी टाटांच्या नावाने. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. म्हणजे बघा, आपल्या देशात समाजकार्याचं शिक्षण आणि कारखान्यातलं कामगार अधिकाऱ्याचं पद ही जवळपास एकाच दशकातली, एकाच शहरातली भावंडं आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याने तर कलम ४९ मध्ये लिहूनच टाकलं, की जिथे ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. समाजकार्याची पदवी असलेल्यांना कारखान्याचं दार उघडलं ते त्या कलमाने.

या पदामागे एक मोठा विचार होता. पगार मालक देणार, पण काम कामगाराच्या बाजूने करायचं. केंद्राने आखलेल्या आदर्श नियमांत तर असं होतं, की कल्याण अधिकाऱ्याने कामगाराविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणं हाताळू नयेत, आणि कोर्टात कामगाराविरुद्ध मालकाच्या वतीने उभं राहू नये. प्रत्यक्षात काय झालं ते कामगार चळवळीतल्या जुन्या लोकांना विचारा. कल्याण अधिकारीच आरोपपत्र लिहायचा, तोच चौकशीला बसायचा.

पुढे नावं बदलत गेली. लेबर ऑफिसरचा पर्सोनेल ऑफिसर झाला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोघांच्या सल्ल्याने लार्सन अँड टुब्रोमध्ये मनुष्यबळ विकासाचा विभाग सुरू झाला. १९८५ साली दिल्लीत शिक्षण खात्याचंच नाव मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं. २०२० साली ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झालं, ही गोष्ट वेगळी. मधल्या काळात १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगावाचं काय झालं ते आपण जाणतो. १९९१ नंतर उदारीकरण आलं. युनियन दुबळी झाली, कंत्राटदार वाढले, आणि पर्सोनेलची पाटी उतरून एचआरची पाटी लागली. 'रिसोर्स' म्हणजे साधनसंपत्ती. कोळसा, लोखंड, पाणी, तसं माणूस. या शब्दावर मी फार वेळ घालवत नाही. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी एकदा तरी मनाशी म्हणून बघा, की मी ज्या खात्यात आलेय तिथे माणसाला काय म्हणतात.

आता वह्या उघडून बसलेल्या मुलींसाठी. संधी आहेत का? आहेत, आणि भरपूर आहेत. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, गोव्यात वेर्णा, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत चक्कर मारा. हिंजवडीसारख्या ठिकाणी संगणक कंपन्या आहेत. रुग्णालयं, मॉल, बँका, शिक्षणसंस्था, सगळ्यांना हा विभाग लागतो. कामाचे प्रकार समजून घ्या. एक, भरती. यात जागा जास्त, पण सुरुवातीचा पगार कमी आणि आकड्यांचा तगादा फार. दोन, हजेरी, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय आणि कायद्याची पूर्तता. मुलींना हे रटाळ वाटतं, पण कामगाराचे पैसे कुठे जिरतात ते फक्त इथेच कळतं. तीन, प्रशिक्षण. चार, औद्योगिक संबंध, म्हणजे युनियनशी बोलणी, करार, तक्रारी. पाच, कल्याण : कँटीन, पाळणाघर, गाड्या, स्वच्छतागृहं. सहा, सामाजिक दायित्व. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यामुळे एमएसडब्ल्यू झालेल्यांना तिथेही मागणी आहे.

आणि नवी गोष्ट ही, की २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कारखाना कायदा आता त्यांत गेला. पूर्वी ५०० कामगारांमागे असलेली कल्याण अधिकाऱ्याची अट आता २५० कामगारांवर आली आहे. म्हणजे ही पदं वाढायला हवीत. ती खरोखर भरली जातात का, की एखाद्या कारकुनाच्या नावापुढे पदाचं नाव चिकटवलं जातं, हे बघणं तुमचंही काम आहे आणि मागे बसलेल्यांचंही.

पण बाईला यातलं काय मिळतं? मी शिकत होते तेव्हा आमच्या वर्गात विषय निवडायची वेळ आली, की मुलींना सांगायचे, तुम्ही कुटुंब आणि बालकल्याण घ्या, नाहीतर वैद्यकीय समाजकार्य. कारखान्यात रात्री-अपरात्री जावं लागतं, युनियनचे लोक अंगावर येतात, ते तुमचं काम नाही. आता उलटं झालंय. आता म्हणतात, एचआर मुलींसाठी छान, ऑफिसातलं काम, गोड बोलायचं, वाढदिवसाचा केक आणायचा, महिला दिनाला गुलाब वाटायचे. दोन्ही वेळा ठरवणारे तेच. पूर्वी आपल्याला दारात उभं केलं नाही, आता आत घेऊन दिवाणखान्यात बसवलं. स्वयंपाकघर, म्हणजे जिथे करार शिजतो आणि माणसं कमी करायच्या याद्या बनतात, ते अजून बऱ्याच ठिकाणी पुरुषांच्याच ताब्यात आहे. म्हणून विद्यार्थिनींना माझं सांगणं, औद्योगिक संबंध आणि कायद्याची पूर्तता ही कामं मागून घ्या. शॉप फ्लोअरवर जायला मिळणार असेल तर पगार हजार-दोन हजाराने कमी असला तरी तीच जागा धरा.

आता जी गोष्ट मी फारशी सांगत नाही, ती सांगते. या विषयावर बोलायचं आणि ही लपवायची, हे बरोबर होणार नाही.

मी ज्या कारखान्यात होते तिथे पॅकिंगला बायका होत्या. बहुतेक कंत्राटदाराच्या. एक दिवस त्यातली एक माझ्याकडे आली. दुपारची सुट्टी संपत आली होती. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तर बसेना. म्हणाली, "मॅडम, आमच्या लाइनच्या सुपरवायझरला दुसरीकडे टाका." मी विचारलं, का? तर खाली बघत राहिली. मग जे सांगितलं ते तुम्ही ओळखलं असेल. तिसऱ्यांदा झालं होतं. मी वहीत लिहून घेतलं आणि माझ्या साहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "ती आपली कर्मचारी नाही, कंत्राटदाराची आहे. त्याला कळव." मी कळवलं. मला वाटलं, मी माझं काम केलं.

तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराने नवी यादी पाठवली. तिचं नाव नव्हतं. ज्यांची नावं कमी झाली त्यांचे गेटपास जमा करून रजिस्टरमध्ये सही करायची, हे काम माझं होतं. ती गेटवर आली, पास माझ्या हातात दिला. काही बोलली नाही. मी सही केली. सुपरवायझर त्याच लाइनवर राहिला.

ही २०१४ सालची गोष्ट. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झालेला होता. त्यात 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येतच कंत्राटी, रोजंदारी, हंगामी, शिकाऊ, ठेकेदारामार्फत आलेली, सगळ्या येतात. तक्रार लिहिता येत नसेल तर ती लिहून द्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच महिन्यात त्या कायद्यावर मी ऑफिसातल्या लोकांना माहिती दिली होती, पडद्यावर चित्रं दाखवून. कायदा मी शिकवत होते आणि रजिस्टरवर सही मीच करत होते.

तुम्ही विचाराल, नोकरी सोडलीस का? नाही. वडील आजारी होते, घरात माझाच पगार होता. मी आणखी बऱ्याच काळ तिथे राहिले. त्या काळात काही गोष्टी केल्या. कायद्याची सूचना इंग्रजीत नोटीस बोर्डावर होती, ती मराठीत आणि हिंदीत करून बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली. कंत्राटदाराच्या कुठल्याही बाईचं नाव यादीतून कमी करताना कारण लेखी मागायला सुरुवात केली. समितीवर बाहेरची सदस्य कागदावरच होती, तिला प्रत्यक्ष बोलावलं. एवढ्याने फार काही बदललं असं म्हणत नाही. पण वर्षभरात दोन तक्रारी लेखी आल्या, आणि दोन्ही बायका कामावर टिकल्या. पहिली मात्र गेली. तिचं घर शोधायला मी गेले होते. खोली बदलली होती.

हे सांगताना मला स्वतःला शिक्षा करून घ्यायची नाही आणि तुमच्याकडून शाबासकीही नको. सांगायचं एवढंच, की या खात्यात अन्याय आरडाओरडा करत येत नाही. तो रजिस्टरच्या रूपात येतो, आणि त्यावर सही तुमची असते. तेव्हा पेन कुठे कुठे चालतं ते आधी माहीत करून घ्या. चार जागा सांगते.

पहिली जागा, मुलाखत. "लग्न कधी करणार? मूल होऊ देणार का?" हे प्रश्न मुलींना कोण विचारतं? हल्ली बहुधा एचआरमधली दुसरी मुलगीच विचारते. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने बंदी घातली, आज ती वेतन संहितेत आहे. २०१७ साली बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, ही चळवळीची कमाई. पण ज्या नोकऱ्यांना ईएसआय लागू नाही तिथे त्या रजेचा पगार एकट्या मालकावर पडतो, म्हणून तो तरुण बाई घ्यायलाच नको म्हणतो. हे कागदावर कुणी लिहीत नाही. यादीतलं नाव नुसतं खाली जातं. ते खाली गेलं की वर ठेवायचं, हे तुमच्या हातात असतं.

दुसरी जागा, रात्रपाळीची संमती. जुन्या कायद्यात कारखान्यात बाईला रात्रीचं काम बंद होतं. नव्या संहितेत ती संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी काम करू शकते, पण तिच्या संमतीने, आणि सुरक्षिततेच्या अटींसह. बाईने रात्री काम करू नये, असं मी म्हणणार नाही. परिचारिका पिढ्यानपिढ्या करतातच. प्रश्न संमतीचा आहे. नेमणूकपत्राच्या गठ्ठ्यात सातवा कागद संमतीचा, "इथे सही करा, इथे करा, इथे करा" म्हणत घेतलेली सही ही संमती नव्हे. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण कर्मचारी मुलीवर, कंपनीने ठरवलेल्या गाडीतच बलात्कार करून तिचा खून झाला. गाडीचा चालक कोण, सोबत रक्षक आहे का, पहिली चढणारी आणि शेवटची उतरणारी मुलगी कोण, हे तक्ते एचआरमध्ये किंवा त्याच्या शेजारच्या टेबलावर बनतात.

तिसरी जागा, पाळणाघर. पूर्वी ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असल्या तरच पाळणाघर, असं होतं. मग मालक २९ बायका ठेवायचे, हा विनोद सगळ्यांनाच माहीत होता. आता अट ५० कामगारांची आहे आणि त्यात पुरुषही मोजले जातात. ही सुधारणा चांगली आहे, मूल काही एकट्या आईचं नसतं. पण पाळणाघर म्हणजे कुलूप लावलेली खोली आणि भिंतीवर मिकी माउस, असं असेल तर काय उपयोग? तिथे बाई कोण आहे, ती किती वेळ असते, दूध पाजायला जाणाऱ्या आईचा वेळ कापला जातो का, हे बघणारी अधिकारी हवी.

चौथी जागा, तक्रार. १९९२ साली राजस्थानात भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला, कारण त्या बालविवाह थांबवण्याचं आपलं काम करत होत्या. त्यातून स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. पुढे २०१३ चा कायदा. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची. बाहेरची म्हणजे आपल्यापैकी कुणीतरी. ९० दिवसांत चौकशी पुरी करायची. हे सगळं असलं तरी समितीच्या बैठकीची तारीख कोण लावतं, कागद कोण जमवतं, साक्षीदाराला लाइनवरून कोण सोडवतं? एचआर. १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात, समितीने घाईघाईत चौकशी उरकली म्हणून निर्णय रद्द करून प्रकरण परत पाठवलं, आणि देशभर या कायद्याची अंमलबजावणी किती ढिसाळ आहे तेही खडसावून सांगितलं. लक्षात घ्या, पद्धत नीट पाळली नाही तर नुकसान तक्रार करणाऱ्या बाईचंही होतं. मी समितीवर बसते तेव्हा मला हे पुन्हा पुन्हा दिसतं. एका ठिकाणी एचआरमधली पंचविशीची मुलगी होती. तक्रार आली त्याच दिवशी तिने कॅमेऱ्याचं चित्रण आणि हजेरीचा तक्ता वेगळा काढून ठेवला, तो पुसला जायच्या आत. बाकी तिने काहीच केलं नाही, भाषणही नाही, घोषणाही नाही. पण ती बाई खोटी ठरली नाही, ती त्या मुलीमुळे.

आता मागे बसलेल्या मैत्रिणींशी बोलते. आपल्याकडे एक सवय आहे. एमएसडब्ल्यू झालेली मुलगी कंपनीत गेली, की आपण म्हणतो, गेली, विकली गेली. तिचं नाव वहीतून काढतो. मीही कंपनीत होते तेव्हा आपल्याच एका बैठकीत कुणी माझ्याशेजारी बसेना. तो रजिस्टरवरच्या सहीचा दिवस ज्या आठवड्यातला, त्या आठवड्यात मला कुणाला तरी विचारायचं होतं, की मी काय करू? फोन कुणाला करायचा तेच कळेना. साहेबांना विचारून झालं होतं. मैत्रिणी मला कंपनीची समजत होत्या. त्या एका फोनने ती बाई वाचली असती की नाही, सांगता येणार नाही. पण मला कायद्याचं कलम दाखवून "सही करू नकोस, तक्रार लिहून घे" म्हणणारी एक जरी असती तरी मी केली नसती, असं मला वाटतं.

तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे. मालकाचा पगार घेऊन कामगाराची बाजू कशी घेणार? खरंय, पुरती नाही घेता येत. एचआरमधली चांगली मुलगी ही युनियनची जागा घेऊ शकत नाही, आणि कुणी तसं म्हणत असेल तर तो फसवतोय. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी भरवलेल्या गिरणी कामगारांच्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या, आणि त्याच वर्षी जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी कुठल्या कल्याण अधिकाऱ्याने दिलेली नव्हती. संघटना ती संघटनाच. पण संघटनेने मिळवलेला कायदा रोजच्या रोज राबवला जातो तो कुठल्यातरी टेबलावर. त्या टेबलावर आपलं माणूस असावं की नसावं, एवढाच प्रश्न आहे. आणि जिथे हे टेबलही नाही, तिथे काय होतं? मराठवाड्यातल्या ऊसतोड बाईला आजही मुकादमच भेटतो. उचल त्याची, कोयता त्याचा हिशोबातला, आजारी पडली तर खाडा तिच्या नावावर. गर्भाशयं काढण्याचं बीडचं प्रकरण २०१९ साली बाहेर आलं तेव्हा आपण हादरलो. माझ्या आजीची नाईकीण अजून मेलेली नाही, तिने फक्त जिल्हा बदललाय.

म्हणून दोन्ही बाजूंना माझ्या काही मागण्या आहेत. आधी विद्यार्थिनींना.

नोकरी घेण्याआधी विचारा, कंत्राटी कामगार किती, अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य कोण, मागची बैठक कधी झाली. उत्तर नाही आलं तरी तेही एक उत्तरच आहे. मराठी आणि हिंदी दोन्हींत साधं, स्वच्छ लिहायला शिका. कल्याण अधिकाऱ्याला कामगारांची भाषा यायला हवी ही जुनी अट उगीच नव्हती. ज्या मुलीला फक्त इंग्रजी येतं तिच्यापर्यंत पॅकिंगवरची बाई कधी पोचत नाही. कामगार कायदा नीट शिका. परळला लोखंड्यांच्याच नावाची महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे, तिथले अभ्यासक्रम बघा. युनियनच्या माणसाला शत्रू समजू नका, त्याला फॅक्टरी तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते. आणि घरी एक डायरी ठेवा. कंपनीची गुपितं त्यात लिहू नका, ते चुकीचं आणि धोक्याचंही. फक्त लिहा, आज मी कशावर सही केली. महिन्यातून एकदा वाचा.

एक मर्यादाही आधीच ठरवून ठेवा. अमुक झालं तर मी सही करणार नाही, नोकरी गेली तरी. ती मर्यादा घरच्यांनाही सांगून ठेवा. ऐन वेळी ठरवायला गेलं, की वडिलांचं आजारपण आठवतं. मला आठवलं होतं.

आणि कार्यकर्त्या मैत्रिणींना : आपल्या संस्थांतून गेलेल्या, कंपन्यांत काम करणाऱ्या मुलींची यादी करा. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यांना रविवारी बोलवा. चहा द्या, जाब विचारू नका. ज्या कंपन्यांच्या समित्यांवर आपण जातो तिथे नुसतं सही करून मानधन घेऊन येऊ नका. मागचं रजिस्टर मागा. १० पेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या आणि मालकाविरुद्धच्याच तक्रारींसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते, घरकामगार बाईही तिथे जाऊ शकते. तिचा पत्ता आपल्या प्रत्येक गटाच्या भिंतीवर हवा. नव्या संहितेप्रमाणे २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि त्यात बायकांचं प्रमाण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणाइतकं तरी हवं. आपल्या वस्तीतली जी बाई ज्या कारखान्यात जाते, तिला विचारा, तुमच्याकडची समिती कोण? तिला माहीत नसेल तर तिथून आपलं काम सुरू.

आणि आपल्या संस्थांचंही बघा. आपल्यापैकी किती संस्थांत नेमणूकपत्र देतात? किती ठिकाणी बाळंतपणाची रजा पगारी आहे? प्रकल्प संपला की कार्यकर्तीला तोंडी "उद्यापासून येऊ नकोस" सांगणारे फक्त कंत्राटदारच असतात का? समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुलीने मनुष्यबळाचं काम कुठेतरी करायचंच असेल तर सुरुवात आपल्या घरापासून करता येईल.

शेवटी एवढंच. मला दिलेल्या विषयात 'संधी' हा शब्द आहे. नोकरीची संधी तर आहेच, ती घ्या, पगार घ्या, आपल्या पायावर उभ्या राहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण एखाद्या दुपारी सुट्टी संपता संपता कुणीतरी तुमच्या दारात येऊन उभी राहील. बस म्हटलं तरी बसणार नाही. तेव्हा पहिलं काम हे करा, की उठा, दार लोटा, तिला खुर्ची द्या, आणि तिच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या. साहेबांकडे नंतर जा. आणि जायच्या आधी आम्हाला एक फोन करा. या वेळी फोन उचलला जाईल, एवढी हमी आज या सभेत आपण मागच्या रांगेतल्या सगळ्याजणींनी द्यायला हवी.

देतो का?